फाटकावरचा हसरा मुलगा

"अरे, मध्ये केवढं खिंडार दिसतंय! जरा सरका एकमेकांकडे," टक्केसर कॅमेरा डोळ्याला लावून ओरडले.

तिघं जण सरकले. त्यामुळे खिंडार मधून निघून दोन्ही बाजूंना गेलं.

टक्केसर म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाचे प्रमुख. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर टक्क्यांत द्यायची त्यांना सवय होती. पंखा चालू आहे का, असं विचारलं तरी ते "साठ टक्के" म्हणत. त्या दिवशी एका मोठ्या कंपनीने मुलाखती घेऊन तिघांना नोकरी दिली होती. 'अभिनंदन' लिहिलेला कापडी फलक मात्र कुठल्यातरी आशावादी वर्षी करून घेतलेला होता. त्याच्याखाली निदान दहा-पंधरा जण तरी उभे राहावेत अशी त्याची अपेक्षा होती. तिघं उभे राहिले की ते लग्नाला चुकून आदल्या दिवशी आलेल्या पाहुण्यांसारखे दिसत.

"बाहेर टाय घातलेले कोण आहेत? या रे आत!"

टाय घातलेला एक जण व्हरांड्यात बिस्किट खात होता. त्याच कंपनीने त्याला सकाळीच पहिल्या फेरीत घरचा रस्ता दाखवला होता. तरी टाय गळ्यातच होता, कारण ती गाठ त्याच्या मित्राने मारली होती आणि मित्र सापडत नव्हता.

"सर, पण माझी निवड नाही झालेली."

"निवड झाली असं मी म्हणतोय का? उभा राहा म्हणतोय. आणि हस जरा."

तो हसला. हसणं ही त्याच्या घरची एकमेव इस्टेट होती. त्याची आई एका दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. पेशंटांना नंबर देणं, डॉक्टरांच्या हातात पकड देणं आणि भ्यालेल्यांना धीर देणं ही तिची कामं. बाकीच्या आया मुलांचे मार्क बघत, ही 'आ कर' म्हणून दात बघायची. मार्क यथातथाच राहिले. दात पहिल्या वर्गात आले.

टक्केसरांच्या मनात पाप नव्हतं. फलकाखाली माणसं भरायची पद्धत त्यांच्या आधीच्या सरांपासून चालत आली होती, आणि फोटोच्या खाली 'यातील सर्व निवडलेले' असं कुणीच लिहीत नव्हतं. वाचणारे आपापलं वाचत. घोटाळा छापखान्यात झाला. कॉलेजच्या फाटकावर लावायला मोठं पोस्टर हवं होतं. निवडलेल्या तिघांपैकी एकाचे डोळे मिटलेले निघाले, दुसरा आभाळाकडे बघत होता आणि तिसरा आपल्या या हसऱ्या मुलाच्या कानामागे गेला होता. छापखान्यातल्या माणसाने त्यातल्या त्यात दिसणारा चेहरा उचलला, मोठा केला आणि खाली लिहिलं, 'यश शंभर टक्के.'

पुढच्या आठवड्यात रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बसमधल्या माणसांना त्याचे दात दिसू लागले. कॉलेजात त्याचं नावच 'पोस्टर' पडलं. टक्केसरांनी पोस्टर पाहिलं, डोक्याला हात लावला आणि "पुढच्या वेळी बदलू" म्हणाले. छपाईचं बिल प्राचार्यांनी मंजूर केलं होतं. ते परत त्यांच्यापुढे न्यायची हिंमत सरांमध्ये पाच टक्केही नव्हती.

पोस्टरची खरी पंचाईत घरी झाली. त्याचे वडील पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मीटर वाचायचे. सकाळपासून दारोदार जायचं, गुडघे टेकायचे, लोखंडी झाकण उचलायचं, आतल्या मातीवर ब्रश फिरवायचा आणि आकडा टिपून घ्यायचा. त्या भागातल्या यच्चयावत घरांना त्यांची पाठ ओळखीची होती. आता त्या पाठीवर थापा पडू लागल्या.

"काय हो, पोरगा झळकला की!"

"भाग्यवान आहात. आमचा बसलाय बघा गादीवर लोळत."

एका आजींनी तर त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं. इतक्या वर्षांत त्या घरात ते प्रथमच बसले. आजवर वाकलेलेच होते.

"मी काय सांगायचं लोकांना, ते तरी सांग," रात्री जेवताना त्यांनी मुलाला विचारलं. "नाही म्हणालो तर त्यांना खोटं वाटतं. हो म्हणालो तर ते खोटं असतं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी मीटर वाचत राहिलो. एका घरात दोनदा वाचला."

"सरळ सांगून टाका ना बाबा, की फोटोत नुसता उभा होता."

"सांगितलं एकदा. तर तो माणूस म्हणाला, काका, विनय असावा तर असा."

आई हसता हसता थांबली. "आमच्याकडे तर डॉक्टरांनी ते पोस्टर पेशंटांना दाखवायला सुरुवात केलीये. आता तुला नोकरी नाही लागली तर माझीही जायची."

"एकदाचं खरं कर रे ते," वडील म्हणाले. आवाज थट्टेचाच होता, पण घास हातातच राहिला होता.

खरं करायचा तो जिवापाड प्रयत्न करत होता. येईल त्या कंपनीसमोर बसत होता. एकीला तो फार बोलका वाटला, म्हणून दुसरीकडे तो गप्प बसला. तिला तो घुमा वाटला. एका साहेबांनी 'तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता' असं विचारलं. इतर सगळ्यांनी 'मी फार काम करतो' हे टक्केसरांनी शिकवलेलं उत्तर दिलं होतं. याने खरंच दोष सांगितला. साहेबांनी तो लिहून घेतला.

बघता बघता हंगाम सरला. वर्गातले बहुतेक जण कुठे ना कुठे लागले. शेवटची कंपनी आली ती वजनकाटे बनवणारी. दुकानातल्या छोट्या काट्यापासून ट्रक उभा राहतो त्या काट्यापर्यंत सगळे काटे ती बनवायची, आणि ते दुरुस्त करायला तिला हिंडतं पोर हवं होतं. यानंतर कॉलेजचे हात वर. मग आपली प्रमाणपत्रं आणि आपले जोडे.

"हे बघ, पोस्टर," टायची गाठ मारता मारता मित्र म्हणाला. त्याला शंका म्हणत, कारण त्याला कायम असायची. "ती मंडळी फाटकातूनच आत येणार ना?"

"मग काय छतावरून?"

"मग त्यांनी तुला बघितलं असेल. आणि आपल्याकडे नियम आहे, एक विद्यार्थी, एक नोकरी. ज्याला मिळाली त्याने दुसऱ्या मुलाखतीला बसायचं नाही."

"मला कुठे मिळालीये?"

"तुला माहितीये. मला माहितीये. पोस्टरला माहितीये का?"

"तू गाठ मार."

शंकाच्या शंका सहसा निराधार असत. हीच नेमकी खरी ठरायची होती.

मुलाखतीच्या खोलीत टेबलामागे दोघं होते. एक पिकल्या केसांच्या बाई. या कंपनीच्या दुरुस्ती विभागाच्या प्रमुख. त्यांच्या बोटांवर ग्रीसचे डाग कायमचे वस्तीला आले होते. शेजारी नोकरभरती बघणारा एक तरुण साहेब, लॅपटॉप उघडून. दाराशी टक्केसर उभे होते, हातात पाण्याचे ग्लास असलेला ट्रे. शिपाई रजेवर होता.

मुलगा बसला. तरुण साहेबाने वर पाहिलं, मान तिरकी केली आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद पसरला.

"अरे! तू तर बाहेर लटकलेला आहेस!"

मुलगा सवयीने हसला. त्यामुळे उरलीसुरली शंकाही मिटली.

"मॅडम, याला आधीच नोकरी लागलीये," साहेब म्हणाला. "फाटकावर भलामोठा फोटो आहे. आणि यांनीच आपल्याला नियम कळवलाय, एक विद्यार्थी, एक नोकरी. मग हा इथे काय करतोय?"

बाईंनी मुलाकडे पाहिलं. "खरं का हे?"

उत्तर अगदी तोंडाशी होतं. 'मी नुसता उभा होतो' एवढंच म्हणायचं. पण दाराशी टक्केसरांच्या ट्रेमधले ग्लास बारीक किणकिणायला लागले होते. हे वाक्य बोललं की कॉलेजचे सगळे टक्के या टेबलावर उताणे पडणार होते. आणि नोकरी न लागलेल्या मुलांना संध्याकाळी थांबवून, स्वतःच्या डब्यातलं खायला घालून सराव घेणारे तेच होते. याचा तर सहा-सात वेळा घेतला होता. दर वेळी म्हणायचे, "ऐंशी टक्के तयार आहेस. वीस टक्के नशीब."

"फोटो माझाच आहे मॅडम," तो एवढंच म्हणाला.

"मग दुसऱ्या कुणाची जागा कशाला अडवतोस बाबा?" साहेब म्हणाला. "पुढच्याला पाठव."

मुलगा उठला. थँक यू म्हणाला. खुर्ची टेबलाखाली सरकवली, कारण सरांनी तसं शिकवलं होतं. दाराशी तो आणि सर समोरासमोर आले. सरांनी बाजूला व्हायला हवं होतं. ते झाले नाहीत.

"बस परत," ते म्हणाले.

"सर, जाऊ दे."

"बस म्हणतोय ना." टक्केसर आत आले, ट्रे टेबलावर ठेवला आणि शाळेत उभं राहून उत्तर देतात तसे उभे राहिले. "मॅडम, याला नोकरी लागलेली नाही. कुठेच नाही. फोटोत माणसं कमी दिसत होती म्हणून मी याला उभा केला. हा नको म्हणत होता. चूक माझी आहे."

"पण पोस्टरवर तर शंभर टक्के लिहिलंय," साहेब म्हणाला.

"ते..." सर अडखळले. आयुष्यात प्रथमच त्यांना आकडा सापडेना. "ते तसं नाहीये."

बाईंनी ट्रेमधला एक ग्लास उचलला. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या, "आमच्या धंद्यात याला पासंग म्हणतात. एक पारडं हलकं पडलं की त्याला खालून दगड बांधतात. काटा सरळ दिसतो." मग मुलाकडे वळल्या. "काय रे पासंगा, निवड नव्हती झाली तर एवढं हसायला काय झालं होतं?"

"सर हस म्हणाले. शिवाय निवड झालेले तिघंही फार घाबरलेले होते मॅडम. कुणीतरी हसायला हवं होतं."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवून तो अलगद बंद केला. साहेब दचकला.

"बरं, मला सांग. जमीन सपाट नसेल तर काटा वजन चुकीचं का दाखवतो?"

त्याने सांगितलं. अर्धं बरोबर होतं, उरलेलं अर्धं त्याने आत्मविश्वासाने सांगितलं. बाईंनी तिथल्या तिथे पाण्याचा ग्लास तिरका करून उरलेलं अर्धं समजावलं. त्याने पुढचा प्रश्न स्वतःच विचारला. मग आणखी एक. टक्केसर बाहेर जायचं विसरून ऐकत राहिले.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "तू एका दुकानात काटा दुरुस्त करायला गेलास. काटा किलोमागे थोडं जास्त दाखवतोय. दुकानदार म्हणतो, बाकी सगळं दुरुस्त कर, तेवढं राहू दे. काय करशील?"

"दुरुस्त करीन म्हणेन."

"तो नाही म्हणाला. आमचं जुनं गिऱ्हाईक आहे. भला माणूस आहे. तुला चहासुद्धा पाजला."

मुलगा या वेळी हसला नाही. त्याने सरांकडे पाहणं टाळलं, आणि ते टाळणं खोलीतल्या सगळ्यांना दिसलं.

"चहा पिईन," तो हळू म्हणाला. "पण त्या काट्याशेजारी परत उभा राहणार नाही मॅडम. एकदा राहून बघितलंय. त्रास माझ्या वडिलांना होतो."

संध्याकाळी निकाल लागला. कंपनीने एकालाच घेतलं होतं. पोस्टर धावत प्लेसमेंटच्या खोलीत गेला, तर टक्केसर टेबलापाशी डोळे पुसत होते. "धूळ आहे," ते म्हणाले. किती टक्के ते सांगितलं नाही. फोटोचं नावही काढलं नाही. शंकाने विचारलं, "सर, प्राचार्य काय म्हणतील?" तेव्हा ते म्हणाले, "म्हणू दे." प्राचार्य काहीच म्हणाले नाहीत. उलट त्यांनी फाटकावरच्या पोस्टरवर नव्या कंपनीच्या नावाची पट्टी चिकटवायला लावली. चेहरा तोच असल्याने छपाईचा खर्च वाचला.

घरी आईने मुलाला मिठी मारली आणि त्याच झोकात "आ कर" म्हणाली. वडील नुसते "बरं झालं" म्हणाले आणि नळाखाली बराच वेळ हात धूत राहिले. पाण्याचा एक थेंब वाया न जाऊ देणारा माणूस, पण त्या दिवशी नळ वाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

"मीटर वाचायचेत की मुलाखत द्यायचीये?" आईने विचारलं.

"दुसरे धुवायला पडलेत."

दुसरे दोन दोरीवर वाळलेले दिसत होते.

ते निघाले. पहिल्या घरी झाकण उचललं, आकडा टिपला आणि उगीच जरा घुटमळले. त्या घरातल्या गृहस्थांनी पाण्याच्या दाबाची तक्रार केली. दुसऱ्या घरी कुत्रं भुंकलं. तिसऱ्या घरातल्या काकू फोनवर होत्या, त्यांनी हातानेच 'वाचा वाचा' अशी खूण केली. मुलाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. जे काढायचं ते सगळ्यांचं काही महिन्यांपूर्वीच काढून झालं होतं.

दुपारी ते त्या खुर्ची देणाऱ्या आजींच्या दाराशी आले. आजी पायरीवर ऊन खात बसल्या होत्या. वडिलांनी झाकण उचललं, ब्रश हातात घेतला आणि वर न बघताच म्हणाले, "आजी, पोराला नोकरी लागली."

"अहो, ते जुनं झालं!" आजी हसल्या. "किती दिवस तेच तेच सांगाल?"

"हो," ते म्हणाले, "खरंय."

गुडघ्याखाली रुमाल सरकवून ते वाकले. मीटरच्या काचेवर आतून बाष्प नव्हतं, बाहेर माती नव्हती. तरी त्यांनी इस्त्रीच्या बाहीने ती काच स्वच्छ पुसली आणि आजींना ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात आकडा वाचला.