लेयाकची डावी पापणी

"ही मेली अजून माणसातच आहे गं, कादेक," आस्तावा स्क्रीनकडे बघत म्हणाला. "बघून पोरं भोकाड पसरली पाहिजेत. यंदा बक्षीस आपल्याच वाडीला!"

आस्तावा वाडीतल्या तरुणांचा म्होरक्या. न्येपीच्या, म्हणजे मौनाच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी मिरवून जाळायच्या राक्षसी पुतळ्याचं मुंडकं यंदा कादेकने संगणकावर घडवायचं आणि थ्रीडी मशीनवर छापून घ्यायचं, असं ठरलं होतं. पुतळा लेयाकचा. दिवसा चारचौघींसारखी, रात्री मुंडकं धडावेगळं करून हिंडणारी, लेकरं खाणारी चेटकीण.

कादेकला काही केल्या जमेना. कोऱ्या गोळ्याला दात काढले, जीभ लोंबवली, तरी थोबाड आपलं बाहुलीचंच. शेवटी वैतागून तिने जुनी फाईल उघडली. सरावासाठी कधीतरी फोनने चारी बाजूंनी टिपलेला मुर्नीमावशीचा चेहरा होता तो. आई गेल्यावर कादेकला भरवून वाढवलं ते याच विधवा, निपुत्रिक मावशीने. सुरकुत्या आयत्या मिळाल्या. कादेकने डोळे बटाट्याएवढे फुगवले, सुळे हनुवटीखाली आणले. आता कोण ओळखतंय, डोंबल! अर्धांगाच्या झटक्यानंतर मावशीची डावी पापणी अर्धी मिटलेली असायची, तीही तिने तशीच ठेवली. त्या पापणीनेच तर चेहऱ्यात जान आली होती.

मिरवणुकीत पहिल्याच चौकात कुणीतरी बोट दाखवलं. "अरे, ही तर आपली मुर्नी!"

लोक खदाखदा हसले. पण वाडीतल्याच सुआर्नीचं तान्हं नुकतंच तापाने गेलं होतं, आणि त्या तापात त्याला काढा पाजला होता मुर्नीनेच. हसू विरलं.

"कादेक तिच्याच घरात वाढली," एक म्हातारी म्हणाली. "तिला ठाऊक नसेल तर कुणाला?"

"अहो, सोय म्हणून घेतला मी चेहरा! दुसरं काही नाही त्यात!" कादेक घसा फोडून सांगत होती. त्या झांजांच्या गदारोळात कोण ऐकतंय?

मसणवटीपाशी पुतळा पेटवला तेव्हा मावशी तिथेच उभी होती, आपलं तोंड जळताना बघत. कादेकला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

न्येपीचा दिवस मुका गेला. दिवा नाही, चूल नाही, कुणी उंबऱ्याबाहेर नाही. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांकडे माफी मागायला निघाले. मुर्नीच्या दारावरून मात्र जो तो खाली मान घालून पुढे गेला. लेयाकच्या हातचं खाल्लं की विष भिनतं, हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

कादेक आली आणि तिने मावशीचे पायच धरले. "चुकलं माझं, मावशी. घरोघर जाऊन सांगते मी. ती फाईलसुद्धा पुसून टाकली."

"ऊठ बाई. जळून गेलं ते," मावशी म्हणाली. "सुळे मात्र झकास काढले होतेस हो!" तिने कॉफीचा पेला पुढे सरकवला. "सकाळपासून करून ठेवलीय. कुणी फिरकलं नाही. तू तरी घे."

कादेकचा हात पेल्यापाशी थांबला. क्षणभरच. वेड्यासारखं सुआर्नीचं तान्हं डोळ्यांपुढे आलं होतं तिच्या.

मावशीने ते पाहिलं. तिने पेला उचलला, अर्धी कॉफी स्वतः प्यायली आणि पेला पुन्हा कादेकपुढे ठेवला.

"आता पी," ती म्हणाली.