झालरीची लॅम्पशेड आणि मी

मी एक जुनी पंपाची बंदूक आहे. माझी पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे आत जाते. एवढे साधे काम. पण काही वर्षांपूर्वी तेही मला दोनदा जमले नाही आणि माझा टेबलावरचा दिवा होण्याची वेळ आली. मित्रांनो, हसू नका. झालर लावलेली लॅम्पशेड घरात येऊन पडली होती.

मला अमेरिकेतल्या साउथ डकोटात आणले ते ऑरविल ट्वेटच्या वडिलांनी. त्यांच्या पश्चात मी ऑरविलची झाले. दर ऑक्टोबरात फेझंट या रंगीत रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की माणसे मक्यातून रांगेने चालत आणि पक्षी उठवत. ‘कोंबडा’, म्हणजे नर, अशी आरोळी आली तरच मी बोलायचे. मादीवर बार टाकणाऱ्याला इथे वर्षभर टोमणे खावे लागतात. माझे तेव्हा फार कौतुक होते. चर्चच्या जेवणावळीतही माझा विषय निघायचा म्हणे. मला तिथे कुणी नेत नसे, म्हणून ऐकीव सांगते.

मग मी अडकू लागले. त्याच सुमारास ऑरविलचे गुडघेही अडकू लागले आणि लोक आम्हा दोघांबद्दल एकाच दमात बोलू लागले. त्यात पुढे होता त्याचा मेव्हणा ड्वेन. त्याच्याकडे नवीकोरी बंदूक, जी सगळे आपले आपणच करते.

“म्हाताऱ्या, हिचा दिवा कर,” तो म्हणाला, “आणि तू ट्रकमध्ये कॉफी पीत बस.”

ऑरविलची बायको लाव्हॉन सरळ बाजारात गेली. तिने फक्त लॅम्पशेड आणली.

“हंगामाच्या पहिल्या दिवशी अडकली तर कर दिवा,” ऑरविल तिला म्हणाला. “मग मीही शेतात उतरणार नाही.”

हे ऐकून मला फार वाईट वाटले. माझे एक ठीक, पण माझ्यामुळे त्याचे चालणे थांबणार होते.

पहिला दिवस उजाडला. पहिलाच कोंबडा उठला, मी बार काढला, तो हुकला. ऑरविलने मूठ ओढली आणि ती निम्म्यातच रुतली. कोंबडा सावकाश आमच्या डोक्यावरून गेला.

ट्रकपाशी सगळे जमले. प्रत्येकाजवळ निदान तयार होते. कुणी म्हणाले स्प्रिंग गेली, कुणी म्हणाले तेल ओता. ड्वेन म्हणाला, “दस्ता जमिनीवर आपट, सुटेल.” आणि नळीत डोकावायला वाकला.

“बघ हं, आतून कुणी हाक मारतंय का,” लाव्हॉन म्हणाली. ती जेवण घेऊन आली होती. “सरक तिकडे. गोळी आत आहे अजून.”

गावातली शिलाईयंत्रे दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. पण बंदुकीबद्दल तिला कधी कुणी विचारलेच नव्हते. तिने माझे तोंड नांगरलेल्या रिकाम्या रानाकडे केले, सुरक्षेचा खटका लावला, घोड्यापासून बोट लांब ठेवले. मला उलटी करून एकेक काडतूस काढले, दोनदा तपासले आणि मगच दोन खिळी ढकलून पोटातला भाग अलगद बाहेर ओढला. काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीखालून काहीतरी काळपट तिच्या तळहातावर पडले. तिने ते हुंगले.

“सूर्यफुलाची बी आहे. खारवलेली, लोणच्याच्या वासाची,” ती म्हणाली. “हा वास इथे आवडतो कुणाला?”

सगळ्यांनी ऑरविलकडे पाहिले. त्याचा गाल बियांनीच फुगलेला होता. लाव्हॉनने त्याच्या जाकिटाचा खिसा उलटा केला. चार काडतुसे आणि मूठभर बिया. वर्षानुवर्षे एकाच खिशातून, एकाच हाताने, काडतुसांबरोबर बियाही माझ्या पोटात.

“आणि दिवा मी हिचा करणार होते,” ती म्हणाली.

त्या दुपारी ऑरविल मक्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत चालला. गुडघे कुरकुरले, मी नाही.

मित्रांनो, बंदूक अडली तर तुम्ही तिला हात लावू नका, मोठ्यांना बोलवा. पण दुसरी कुठलीही जुनी वस्तू अडली, तर तिला टाकून देण्याआधी आपले खिसे बघा. लॅम्पशेड लाव्हॉनने परत केली नाही. ती माझ्याच कपाटात, अगदी माझ्या डोक्यावर टांगलेली आहे. दर ऑक्टोबरात ऑरविल कपाट उघडतो, आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मुकाट्याने दोन्ही खिसे झटकतो.