मांडव पाडला ती दुपार

भोकरच्या डोंगरातली ती जमीन व्यंकटीनं घेतली, तेव्हा घाणेरीच्या जाळीतून माणूस आत शिरत नव्हता. बायको पार्वतीबाई, मुलगा आदर्श आणि सून महामाया, सगळ्यांनी मिळून ती तोडली. आदर्श आधी लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. पुस्तकात मान घालून सुकलेली पोरं बघून त्याला वाटलं, यांना चार दिवस जंगलात आणावं, तंबूत झोपवावं, चुलीवरचं खाऊ घालावं. नोकरी सोडून तो इथंच राहायला आला. उद्या नांदेडच्या एका क्लासची पहिली पोरं येणार होती.

जेवणासाठी व्यंकटीनं बांबू-गवताचा लांबलचक मांडव घातला होता. दगडाची भिंत नको, स्लॅब नको, हा महामायेचा हट्ट. भूकंपात शिरूर अनंतपाळकडचं तिचं माहेरचं घर बसलं, तेव्हा ती शाळेत जाणारी पोर होती. त्याबद्दल याहून जास्त ती सासरी कधी बोलली नव्हती.

दुपारी आदर्श घाणेरीचा शेवटचा ढीग पेटवायला निघाला.

"वारं सुटलंय. सकाळी पेटवा," महामाया म्हणाली.

"सकाळी पोरं येतील. हा कचरा दाखवू का त्यांना?"

ढीग फडफडत पेटला. आदर्श पाण्याचा ड्रम घेऊन उभाच होता, पण खालून वावटळ आली आणि जळती पानं उचलून वरच्या वाळल्या गवतात टाकून गेली. बघता बघता आग चढाला लागली. ड्रम रिकामा झाला, तरी ती थांबेना.

महामाया आधी झोपडीकडे पळाली. गुडघे धरलेल्या पार्वतीबाईंना काखेत घेऊन तिनं मोकळ्या रानात बसवलं. मग वळून बघितलं. गवताच्या पुढं मांडव होता आणि मांडवाला लागूनच सरकारी जंगल, सागाच्या वाळल्या पानांनी भरलेलं. मांडव पेटला की जंगल गेलं.

"ट्रॅक्टर आणा!" ती ओरडली. "मांडव ओढून काढायचा!"

व्यंकटी लिंबाच्या डहाळीनं आग झोडपत होता. तो तसाच थांबला. "येडी झालीस का? उद्या पोरं येणारेत. अख्खा उन्हाळा राबलोय म्या."

"मामा, मांडव परत घालता येईल. जंगल कुठून आणणार?"

व्यंकटी पुन्हा आग झोडपायला वळला. आदर्शनं ट्रॅक्टर मागं घेतला आणि दोर फेकला. दोर मधल्या मेढीला, ज्या खांबावर सगळा मांडव उभा होता तिला, बांधायचा होता, म्हणजे आत जायला हवं होतं. धुरानं मांडव भरला होता. महामाया दारातच थबकली. डोक्यावर वासे करकरत होते. तिच्या तोंडात मातीची चव आली.

"माया, सोड! मी जातो!" आदर्श म्हणाला.

"तुम्ही उतरलात तर ट्रॅक्टर कोण चालवंल?"

ती वाकून आत शिरली. डोळे मिटून, हातानं चाचपत मेढ धरली, दोराची गाठ मारली आणि बाहेर पडताना पालथी पडली. तिला दंडाला धरून ओढलं ते व्यंकटीनं.

"ओढ रे!" तो मुलावर ओरडला.

मेढ कडाकडा मोडली. सगळा मांडव एका अंगाला बसला आणि फरफटत उतारावरच्या उघड्या मातीत गेला. आग आली, जिथं मांडव होता तिथवर आली. पुढं नुसती झाडलेली जमीन. तिथं ती धुमसत राहिली. चौघं, पार्वतीबाईसुद्धा बसल्या बसल्या पुढं सरकून, माती टाकत राहिली.

ऊन कललं तेव्हा आदर्शनं क्लासला फोन लावला. पोरं आता एका रिसॉर्टला जातील, असं तिकडून सांगितलं. त्यानं फोन ठेवला. बायकोकडे बघायची त्याला हिंमत होईना.

"तुझं ऐकायला पायजे होतं," तो खाली बघत म्हणाला.

"हाव," महामाया म्हणाली.

पार्वतीबाई तिच्या भाजलेल्या मनगटाला कोरफड लावत होत्या. "आत जाताना लई भ्याली होतीस का गं?"

महामाया म्हणाली, "आत्या, भूकंपात घर बसलं तवा मी आईसंगं आढ्याखाली अडकले होते. ती बोलत होती माझ्याशी. मग बोलायची थांबली."

व्यंकटी जवळ येऊन बसला. "नाव काय होतं तुझ्या आईचं?" त्यानं विचारलं.

"सिंधु," ती म्हणाली, आणि सांगायला लागली.