दहा मेची रजा

काळापुढे राजा आणि रंक सारखेच असतात. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या त्या लूम कारखान्यात मात्र राजाला रजेचा अर्ज करावा लागत नसे. रंकांच्या रजांची यादी कारकून मधुकर पाटणकर ठेवायचे, कॉम्प्युटरवर.

त्या यादीत धुडकूचा अर्ज त्यांनीच चढवला होता: १०/०५ ते १२/०५. धुडकू लूम चालवायचा. त्याच्या लेकीची, चंचलची, लग्नानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात या सणाला लेक माहेरी आणतात, पहिल्या वर्षी तर आणायला घरचा माणूस गेलाच पाहिजे. धुडकूला मुलगा नव्हता, म्हणजे बापानेच जायचं. कोणी गेलं नाही तर सासरचे ते पोरीला म्हातारपणापर्यंत ऐकवतात.

शेठच्या भाच्याने यादीला आपोआप चालणारी नवी स्क्रिप्ट जोडून दिली होती. आज पाच वाजता ती मेच्या रजा मंजूर करणार आणि यादी बंद करणार. कोणी महिन्याहून जास्त रजा मागितली असेल तर त्याचे लूम दुसऱ्याला देणार. एवढं लावून भाचा व्हिएतनाम बघायला गेला होता आणि त्याचा फोन बंद होता.

साडेचारला मधुकररावांनी सहज दिवसांचा रकाना पाहिला. धुडकूपुढे बासष्ट.

"अर्चनाबेन, दहा ते बारा किती दिवस होतात?"

"तीन," शेजारच्या टेबलावरून अर्चना म्हणाली. "पगार कापायचा असेल तर चार."

मधुकररावांनी तारीख सविस्तर दिसेल असं केलं. धुडकू पाच ऑक्टोबरला सुट्टीवर निघत होता आणि पाच डिसेंबरला परतत होता. भाच्याने शीट अमेरिकन पद्धतीची ठेवली होती. तिथे महिना आधी, दिवस नंतर. आपणही महिना आधी लिहावा हे घाईत त्यांना सुचलं नाही. त्यांनी तारखा पुसून पुन्हा तशाच टाइप केल्या. पुन्हा ऑक्टोबर. रकाना रुंद केला, पिवळा केला. पिवळा ऑक्टोबर. तेरा तारीख टाकून पाहिली, तर शीटने तिला तारीख मानायलाच नकार दिला, कारण तेरावा महिना अमेरिकेतही नसतो.

तोवर पाळी संपवून धुडकू दारात येऊन उभा राहिला होता.

"मंजूर व्हयनी का साहेब? बसचं तिकीट काढनं शे."

"धुडकू, तुला ऑक्टोबरात चालेल?"

"आखाजी?"

"दिवाळीत दोन महिने देतंय हे."

"दिवाळीत शेठ पाणी प्यायला सोडत नाही साहेब," धुडकू म्हणाला. तो हसत होता. साहेब थट्टा करताहेत असं त्याला वाटलं. मग त्याने साहेबांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि हसायचं थांबवलं.

"मधुकरभाई, पाचला दोन कमी," अर्चना म्हणाली. "काहीतरी करा, नाहीतर त्याचे लूम जातील."

मधुकररावांनी काहीतरी केलं. धुडकूची अख्खी ओळ उडवली.

"लूम वाचले तुझे," ते म्हणाले. "अर्जच नाही, त्यामुळे आता रजाही नाही. यादी बंद झाली."

धुडकू थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला, जणू पोर तिथेच कुठेतरी बसली होती. मग बाहेर पायरीवर जाऊन त्याने फोन लावला.

"चंचल? बेटा, तू वाट नको पाहू. हां... नही, तब्येत चांगली शे. कारखान्यात जमत नही... नही, तुना सासराशी मी बोलस. दे त्याले."

सासऱ्याशी तो बराच वेळ बोलला. म्हणजे त्याने बराच वेळ ऐकलं, आणि शेवटी माफी मागितली.

स्क्रिप्टचं घड्याळही भाच्याने न्यूयॉर्कचं ठेवलं होतं. पाच वाजता ती चाललीच नाही, यादी उघडीच राहिली. ती चालली तेव्हा सुरतेत रात्रीचे अडीच झाले होते.