छातीशी धरलेला अकॉर्डियन

माझ्या खांद्याच्या पट्ट्याला सात भोके आहेत. त्यातले तिसरे घासून लांबट झाले आहे, कारण बक्कल वर्षानुवर्षे तिथेच बसत आले. एका हिवाळ्यात माझ्या मालकाने ते गुपचूप पाचव्या भोकावर नेले, आणि मी त्याच्या छातीपासून दोन बोटे दूर लोंबू लागलो.

मित्रांनो, मी एक जुना अकॉर्डियन आहे. माझा भाता पुठ्ठ्याच्या आणि कापडाच्या घड्यांचा आहे, आणि पोटात पोलादाच्या बारीक पट्ट्या आहेत. भाता उघडला-मिटला की वारा त्यांच्यातून जातो आणि त्या गाऊ लागतात. मालक सायकली दुरुस्त करतो. दुकान बंद केले की तो हात घासून धुवायचा, तरी नखांत थोडे ग्रीस उरायचेच, आणि मग मला छातीशी घ्यायचा. मागच्या खोलीत त्याची बायको शिलाई मशीनवर बसलेली असायची.

"अहो, जरा हळू! तुमच्या तालात माझी शिवण पळत सुटते," ती म्हणायची.

गल्लीत कुणाचाही वाढदिवस असो, आमंत्रण आधी मला, मग मालकाला!

पन्नाशीनंतर मालक लवकर थकू लागला. रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन फारच कमी निघाले. पुरुषाच्या शरीराला जोम देणारे हे संप्रेरक. डॉक्टरीणबाईंनी त्याची इंजेक्शने सुरू केली आणि घरात पुन्हा शीळ ऐकू येऊ लागली. मात्र शरीर थोडे टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे बायकांत जास्त असणाऱ्या संप्रेरकात, बदलत असते, आणि मालकाच्या शरीरात हे इस्ट्रोजेन जरा जास्तच झाले. घोटे सुजले, छाती हुळहुळी झाली. माझा भार त्याला सोसेना. म्हणून ते पाचवे भोक.

डॉक्टरांना सांगायची त्याला लाज वाटली. सांगितले ते व्यायामशाळेतल्या मित्राला, ज्याला सगळे दंडोबा म्हणत.

"अरे, इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचा माल!" दंडोबा म्हणाला. "पुरुषाच्या अंगात ते पार शून्यावर पाहिजे. घे या गोळ्या."

सूज उतरली, छाती निवली. मालक खूश झाला आणि गोळ्या घेतच राहिला. मग त्याचे सांधे धरू लागले. मन उगाच उदास होऊ लागले. माझ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सशासारखी धावणारी बोटे लाकडासारखी झाली. शेवटी त्याने मला पेटीत ठेवले. पेटीत ओल शिरली आणि माझा एक सूर बसला. मित्रांनो, कुणी वाजवले नाही की वाद्य फार लवकर म्हातारे होते.

अशातच लेकीचे लग्न ठरले.

"बाबा, पहिल्या नाचाला तूच वाजवणार ना?"

"बघू."

"अरे, बघू काय? दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं."

"बघू गं."

असे कितीदा झाले. ती हसून निघून जायची, पण दारापर्यंतच हसायची.

एक दिवस बायकोने लग्नासाठी शिवलेला कोट त्याच्या अंगावर चढवला.

"बटणं लावा आता."

"लावतोय."

"लावताय कुठे? नुसती कुरवाळताय!"

मग तिने त्याची बोटे हातात घेतली, आणि तिचे हसू थांबले. त्याने सगळे सांगून टाकले.

"म्हणजे दंडोबाला सगळं ठाऊक आणि डॉक्टरांना पत्ताच नाही? धन्य आहे! चला, उठा."

दोघे परत आले तेव्हा ती डॉक्टरीणबाईंचा आवाज काढत होती. "'पुरुषालाही इस्ट्रोजेन लागतं हो! हाडांना लागतं, सांध्यांना लागतं, मनालाही लागतं. ते शून्यावर नेलं तर शरीर कुरकुरणारच.'" बाईंनी गोळ्या बंद केल्या होत्या. इंजेक्शनचा डोस कमी केला होता आणि तो लहान लहान भागांत विभागून दिला होता. काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचे होते.

मालक डोके खाजवत म्हणाला, "म्हणजे चाकाच्या तारा मी एकाच बाजूने आवळत बसलो."

"आणि वर चाक आऊट झालं म्हणून रुसून बसलात!"

दोघे इतके हसले की पेटीत माझाही भाता थरथरला.

बोटे हळूहळू मोकळी झाली. नव्या रक्ततपासणीवर डॉक्टरीणबाई समाधानी होत्या. मालकाने मला बाहेर काढले, ओल पुसली, बसलेला सूर उठवला. पहिल्या दिवशी आम्ही दोघेही अडखळलो. तरीही शेजारीण खिडकीतून ओरडली, "आलात का एकदाचे!"

मित्रांनो, वाद्य असो वा माणूस, बिघाड लपवून तो बरा होत नाही. दुखले तर लाजू नका, ज्याला कळते त्यालाच विचारा. मित्र कितीही जिवाचा असला तरी त्याच्या खिशातली गोळी घेऊ नका.

काल संध्याकाळी लेक आली. "बाबा, आज शेवटचं विचारते. दुसऱ्या कुणाला सांगू का?"

शिलाई मशीन थांबले. मालकाने मला छातीशी घट्ट धरले.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या लग्नात मी वाजवणार."