खांबापर्यंतची पात

सरिताच्या कमरेला खोचलेला मोबाईल कोंबड्यासारखा आरवला, तेव्हा यमुनाबाईंनी खुरपे जमिनीत तसेच रोवून मान वर केली.

“बंद कर ते. येणारेजाणारे बघायलेत.”

“पाण्याचा टाइम झाला, मोठी मावशी. दर वीस मिनिटाला दोन घोट. आरोग्य केंद्रातल्या मॅडमनं सांगितलंय.”

“मॅडमनं खुरपं धरलंय व्हय कधी?”

बायका हसल्या. सरिताही हसली, पण हसता हसता तिने बाटली तोंडाला लावलीच, डोक्यावरचा पंचा भिजवला आणि बाटली पुढच्या बाईकडे दिली. बाटली फिरत फिरत द्वारकेपर्यंत आली. द्वारकेने ती हातात घेतली, थोरल्या जावेकडे, यमुनाबाईंकडे पाहिले, आणि झाकण न उघडताच परत केली.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. मुकुंदवाडीजवळ जालना रस्त्याच्या मधोमध जो दुभाजक आहे, त्यातली कण्हेर आणि बोगनवेल राखण्याचे काम या सहा बायकांकडे होते आणि यमुनाबाई त्यांच्या मुकादम. वय एकोणसत्तर. अंगात ठेकेदाराने दिलेले केशरी जाकीट, त्यावर पदर, पदराच्या गाठीत एक कांदा. ऊन लागू नये म्हणून कांदा जवळ बाळगायचा, ही त्यांच्या सासूची शिकवण. दोन्ही बाजूंनी ट्रक जात, त्यांची धग पोटऱ्यांना लागे, आणि सकाळी टँकरने भिजवलेली माती दहा वाजेपर्यंत पांढरी पडे.

देवगाव रंगारीच्या रानातून या बायका शहरात आल्या, तरी रानातली रीत त्यांनी सोडली नव्हती. दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जो पट्टा, ती एकेकीची पात. पात धरली की ती पुरी करूनच कंबर सरळ करायची. अर्धी पात टाकून उठणे हा यमुनाबाईंच्या लेखी गुन्हा होता. कपाशीच्या खुरपणीत कुणी तसे केले, तर त्यांची सासू शब्दही न बोलता स्वतः येऊन ती पात संपवी आणि रात्री त्या सुनेच्या हातची भाकरी खात नसे. द्वारका नवी नवरी असताना एकदा तापाने फणफणून बांधावर आडवी झाली होती. तिची पात तेव्हा यमुनाबाईंनी आपल्या पातीबरोबर ओढली आणि सासूला कळू दिले नाही. त्या दिवसापासून चव्वेचाळीस वर्षांत द्वारकेने एकही पात अर्धी टाकली नाही. जावेला बाई म्हणायची आणि बाईंचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढेच तिने आयुष्यभर केले.

या उन्हाळ्यात तर ती कामावर यायचीही नव्हती. पासष्टी उलटली होती. रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती, आणि पायांवर सूज येते म्हणून डॉक्टरांनी आणखी एक गोळी दिली होती, ती घेतली की वरचेवर लघवीला जावे लागे. तिचा मुलगा विश्वजित म्हणाला होता, “आई, आता पुरं.” यमुनाबाईंनी त्याला त्याच्याच ओसरीवर सुनावले होते, “घरी बसली की हाडं गंजतात, बाबा. माझ्यासंगं आहे ती. मी बघते तिच्याकडं.”

आणि त्यांनी पाहिले ते असे. आठवड्याच्या सुरुवातीला द्वारका एका सकाळीच दोनदा उठली. सार्वजनिक शौचालय तिकडे रेल्वे स्टेशनाजवळ. धावता रस्ता ओलांडून जायचे आणि ओलांडून यायचे. दुसऱ्या वेळी ती परतली तेव्हा यमुनाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “तुझी निम्मी पात रस्ता ओलांडण्यातच जायली गं, द्वारके.” बायका हसल्या. द्वारकाही हसली. त्या दिवसापासून तिची पाण्याची बाटली भरलेली येई आणि भरलेलीच घरी जाई. ते यमुनाबाईंच्या नजरेतून सुटले नव्हते. त्यांना वाटले, बरे झाले, शिस्त लागली.

“मोठी मावशी,” सरिता हळूच म्हणाली, “धाकट्या मावशीच्या अंगाला घाम नाय बघा. आपण सगळ्या चिंब अन् त्या कोरड्या.”

यमुनाबाईंनी पाहिले. खरेच होते. द्वारकेचे कपाळ कोरडे, मान कोरडी, चेहरा तेवढा तांबूस. त्यांना मनातून अभिमान वाटला.

“मग? चाळीस उन्हाळे मुरलेत त्या अंगात. ऊन मानवलंय तिला. तुमच्यावानी नाय, दोन खुरपी मारली की गळायल्या. शिका काही.”

“तसं नाय मावशी, त्या मॅडम म्हणत हुत्या, वय झालं की तहान कळत नाय, अन् घाम थांबला की...”

“सरिता. तोंड कमी, हात जास्त.”

द्वारका हसली, पण जरा उशिरा हसली, आपल्याविषयी बोलणे चालले आहे हे तिला मागून कळल्यासारखे.

बारा ते चार काम बंद ठेवायचे, असा ठेकेदाराचा निरोप पंधरा दिवसांपूर्वीच आला होता. यमुनाबाईंनी तो ऐकला होता आणि बहुतेक दिवस पाळलाही होता. त्या दिवशी बारा वाजले तेव्हा बाकी सगळ्यांच्या पाती संपल्या होत्या. द्वारकेची मात्र पंधरा हात राहिली होती. ती हल्ली मागे पडत असे.

सरिता उठून उभी राहिली. “बारा वाजले. चला मावशी, उठा. राहिलं ते संध्याकाळी करू. मी करते तुमचं.”

द्वारकेने जावेकडे पाहिले.

यमुनाबाईंना ती नजर पुढे कधी विसरता आली नाही. त्या नजरेत विनवणी नव्हती. ती फक्त विचारत होती, जशी चव्वेचाळीस वर्षे विचारत आली होती. आणि यमुनाबाई, स्वतःची पात केव्हाच संपवून खांबाला टेकलेल्या, म्हणाल्या, “पंधरा हात तर राहिलंय. खांब गाठ, मग ऊठ.”

द्वारका पुन्हा वाकली.

थोड्या वेळाने ती थांबली आणि कान देऊन म्हणाली, “बाई, विहिरीवर कोन हाय वं? दोर वाजायलाय.”

“कुठली विहीर? ऊन डोक्यात गेलं का गं तुझ्या?” यमुनाबाई म्हणाल्या, आणि बायका पुन्हा हसल्या, कारण मोठ्या मावशीचा विनोद दुर्मिळ असे. सरिता तेवढी हसली नाही. ती बाटली घेऊन दुभाजकाच्या कडेने चालत येऊ लागली.

तेवढ्यात द्वारकेचे खुरपे चालले आणि हरळीच्या ऐवजी कण्हेरीचे हातभर वाढलेले रोप बुंध्याशी कापले गेले. तिने ते उचलले, गवताच्या ढिगावर नीट ठेवले आणि पुढे सरकली. जिने उभ्या आयुष्यात तणासोबत पिकाचे एक रोप उपटले नव्हते, तिला आपण काय केले हे कळलेही नव्हते. कुणीही शहाणी बाई तिथेच धावली असती. यमुनाबाई संतापल्या.

“डोळे फुटले का गं तुझे? रोप कापलं! इतकी वर्षं माझ्या हाताखाली काढून हेच शिकलीस?”

द्वारकेने मान वर केली. ती काहीतरी बोलणार होती. मग ती हळूच कुशीवर कलंडली, दमलेली बाई ओसरीवर अंग टाकते तशी. तिच्या पदराची गाठ सुटली आणि तिनेही जवळ बाळगलेला कांदा घरंगळत रस्त्यावर गेला. एका रिक्षाच्या चाकाखाली तो फुटला.

यमुनाबाईंनी तिचा दंड धरला आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. कातडी कोरडी होती आणि चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी तापली होती. सरिता धावत आली, तिने केशरी जाकीट ओढून काढले आणि बाटली उघडली.

“तापल्या अंगावर पाणी घालू नको! ऊर भरंल तिचा!” यमुनाबाई ओरडल्या.

सरिताने पहिल्यांदाच त्यांचे ऐकले नाही. मानेवर, काखेत, पोटावर तिने सगळ्या बाटल्या रित्या केल्या. शेवटची रिती केली ती द्वारकेचीच, काठोकाठ भरलेली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती. ती धावतच होती. थांबली ती एकदाच, यमुनाबाईंसमोर.

“आजी, तुम्ही बरोबर होतात ना? यांचा घाम केव्हापासून बंद होता?”

दहाच्या सुमाराला, हे यमुनाबाईंना ठाऊक होते. सरिताने त्यांना ते दाखवलेही होते. त्यांनी त्या कोरड्या कपाळाचे कौतुक केले होते. शेजारी विश्वजित उभा होता, कामावरून तसाच धावत आलेला.

“मला नाय माहीत,” यमुनाबाई म्हणाल्या.

एकोणसत्तर वर्षांत त्या खोटे बोलल्या होत्या ते एकदाच, सासूशी, द्वारकेच्या पातीसाठी. हे दुसरे.

दिवस मावळायच्या आत द्वारका गेली.

दहाव्याला नातेवाईक पांगल्यावर विश्वजितने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. “मोठ्याई, तुम्ही होतात म्हणून बरं. शेवटच्या घडीला आईजवळ आपलं माणूस तरी होतं.” यमुनाबाईंचा हात त्याच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथेच अधांतरी राहिला. तो काय झालं म्हणून वर पाहू लागला, तेव्हा त्यांनी तो हात पदरात घेतला. बोलायचे होते ते त्या क्षणी बोलता आले असते. ती वेळही त्यांनी जाऊ दिली.

चौदाव्या दिवशी सकाळी सहाला त्या कामावर आल्या. सरिताने त्यांना पाहताच सरकून जागा दिली.

“तिची पात कुठाय?”

“ती... मी पुरी केली मावशी, त्याच संध्याकाळी. दवाखान्यातून येऊन. अर्धी राहू नाय म्हणून.” सरिताचा आवाज बारीक झाला. “तुम्हीच शिकवलंय.”

यमुनाबाई त्या दोन खांबांच्या मधल्या पट्ट्यात उतरल्या. चौदा दिवसांत हरळी पुन्हा वर आली होती, सगळीकडे सारखी. द्वारका कुठपर्यंत पोचली होती, हे मातीवरून सांगता येत नव्हते. त्यांनी पदर खोचला आणि तिच्या बाजूने, तिच्या पातीला, पहिल्या खांबापासून हात घातला.

ऊन वर येत गेले. निम्म्याहून अधिक पट्टा मागे पडल्यावर कण्हेरीच्या रांगेत त्यांना एक खिंडार दिसले. हरळीत हात घातला तेव्हा बुंधा लागला. तिरका, स्वच्छ, एका घावाचा काप. त्यावर ओघळलेला चीक वाळून काळा पडला होता. द्वारकेचा हात अखेरपर्यंत नीटच चालत होता. यमुनाबाईंनी त्या कापावर अंगठा ठेवला.

मागे सरिताचा मोबाईल कोंबड्यासारखा आरवला. लगबगीने तो बंद झाला.

“राहू दे, वाजू दे,” यमुनाबाई म्हणाल्या.

मग त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. खांब अजून दहाबारा हात लांब होता. बायकांची खुरपी जागच्या जागी थांबली. मोठ्या मावशीला पातीच्या मधून उठताना त्यांच्यापैकी कुणीच कधी पाहिले नव्हते. सरिताने पेला भरून पुढे केला. यमुनाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला, एक घोट तोंडात घेतला आणि कितीतरी वेळ तो तसाच तोंडात धरून त्या उभ्या राहिल्या. तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

मागे, कापलेल्या बुंध्याशेजारी, त्यांचे खुरपे उन्हात पडले होते. पात अर्धी होती.