सीलबंद उष्टे

दुपारचे दोन वाजायला दहा मिनिटे होती. साथीच्या वॉर्डात शिरण्याआधी जी अरुंद खोली लागते, तिथे सहा नर्सेस अंगात पांढरे किट चढवीत होत्या. पलीकडे जाड काचेच्या दारामागे सकाळच्या पाळीच्या सहा जणी या सहा जणींची वाट पाहत होत्या. आठ वाजल्यापासून त्या आत होत्या. ना पाण्याचा घोट, ना मोरीला जाणे. एकदा किट अंगावर चढले की ते काढेपर्यंत सगळे बंद. आणि बाहेरच्या आत गेल्याशिवाय आतल्यांनी बाहेर यायचे नाही, हा वॉर्डाचा नियम.

टेबलाशी इनचार्ज सिस्टर पाकिटे मोजून देत होती. मुली तिला ताई म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत तिचा आवाज कुणावर चढला नव्हता. बेसिनपाशी हात धुताना ती मनात देवाचे नाव अकरा वेळा घेई. वीस सेकंद त्यात बरोबर भरत, घड्याळाकडे बघावे लागत नसे.

किट घातले की सगळ्या सारख्याच, पिठाची पोती उभी केल्यासारख्या. म्हणून एकमेकींच्या पाठीवर मार्करने टोपणनाव लिहायची पद्धत पडली होती.

"माझ्या पाठीवर 'राणी' लिही गं."

"राणी? आरशात बघितलंस का सकाळी? घामाची घागर लिहिते."

"लिही बाई, काही तरी लिही. परवा आतल्या आजोबांनी मला डॉक्टर समजून तासभर गुडघे दाखवले."

बोलणारीचे नाव पोपट. तोंडाला मास्क लागेपर्यंत तिची टकळी चालू, मास्क लागला की डोळ्यांनी चालू. तिने पाकीट फाडले, किट झटकले, आणि तिची टकळी थांबली.

"ताई, हे बघा. आधीच लिहिलंय."

ताईने चष्मा सावरून पाहिले. पांढऱ्या कापडाच्या पाठीवर फिकट जांभळी अक्षरे होती, पावसात भिजलेल्या पाटीसारखी. 'चिमणी'. च ची गाठ जरा जास्तच गोल होती. अशी गाठ या वॉर्डात एकच जण काढत असे, आणि ती स्वतः ताईच होती. तीन आठवड्यांपूर्वी तिनेच ते चिमणीच्या पाठीवर लिहिले होते. चिमणी, त्यांच्यातलीच एक नर्स, आज नऊ दिवस वरच्या मजल्यावर ऑक्सिजनवर होती.

आणि पाकीट तर सीलबंद होते. 'नवीन, एकदाच वापरण्यासाठी' असे त्यावर छापलेले होते.

ताईने मास्क हनुवटीखाली ओढला आणि किट नाकाशी नेले. वर ब्लीचचा भपकारा. त्याखाली दुसरा वास, आठ दिवस बंद राहून आंबलेल्या डब्याचा. गळ्याशी घामाचे पिवळे कडे उठले होते. बाहीच्या टोकाला काही तरी वाळून कडक झाले होते. नखाने टोकरताच तपकिरी भुकटी टेबलावर पडली. कुणाच्या खोकल्यातून उडालेले, कुणाच्या छातीतून आलेले, देव जाणे. उष्ट्या ताटात कुणी कुणाला वाढत नाही, आणि इथे उष्टा श्वास घडी घालून, चिकटपट्टी लावून वाढला जात होता.

"दुसरं फोड," ती म्हणाली.

दुसऱ्यातल्या चष्म्याच्या पट्ट्यात लांब केस अडकलेला होता. तिसरे फोडले तर टोपाच्या आत चिकटपट्टीचा तुकडा. चष्म्याने नाकावर जखम होते म्हणून सगळ्याच जणी नाकाच्या दांड्यावर अशी पट्टी लावत. या पट्टीला वाळलेले रक्त होते आणि रक्ताला चिकटलेला कातडीचा पापुद्रा.

"ईऽऽ!" पोपटने हातातले सोडून दिले. "मी तर अर्धं घातलं होतं! शिसारी येते नुसती. काल कुणाचं घातलं होतं मी? परवा?"

सगळ्या आपापल्या अंगाकडे बघत होत्या. अंगावर झुरळ चढल्यावर बघतात ना, तसे.

ताईला त्या वेळी एक कागद आठवला. पूर्वी किट काढले की कात्रीने दोन काप द्यायचे, एक पाठीला, एक टोपाला, आणि मग पिवळ्या पिशवीत टाकायचे, असा नेम होता. तीन आठवड्यांपूर्वी वरून हुकूम आला, 'किट कापू नयेत, पिशव्या फाटतात.' हजेरीच्या वेळी तो ताईनेच वाचून दाखवला होता. लांबडी नावाची एक मुलगी तरीही कापत राहिली, तेव्हा तिला सगळ्यांसमोर ताईच बोलली होती, "वरून आलंय ते ऐकायचं. प्रत्येक गोष्टीत शहाणपणा कशाला?" पुढे एकामागून एक चार जणी आजारी पडल्या. चौघींकडून लिहून घेतले गेले, किट काढताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला. ते कागदही ताईनेच समोर ठेवले होते. चिमणी सही करताना रडत होती, "कुठं चुकले तेच कळत नाही हो, ताई."

बादली घेऊन सफाईवाली मावशी आत आली. ताईने विचारले, "मावशी, पिवळ्या पिशव्या कुठं जातात?"

"जातात मागच्या फाटकाला. टेम्पो येतो."

"जाळायच्या भट्टीला ना?"

"भट्टीचा टेम्पो वेगळा हो. त्याला काळं फासल्यासारखी काजळी असते. हा कसा, चकाचक." मावशीने बादली खाली ठेवली. "मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, तू झाडू मार. मी मारला झाडू. आमचं कोण ऐकतंय? का, काय झालं?"

काचेवर टकटक झाली. आतून लांबडी मनगटावर बोट आपटून वेळ दाखवत होती. दोन वाजून पाच मिनिटे. ताईने हात वर करून थांबायची खूण केली आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांना फोन लावला.

अधीक्षक आले ते दारातच थांबले. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात जंतुनाशकाची छोटी बाटली, टेबलापासून चार पावले अंतर. साथ आल्यापासून त्यांनी हे अंतर इतके निगुतीने पाळले होते की वॉर्डाचे दार त्यांनी आतून कधी पाहिलेच नव्हते.

"काय गोंधळ आहे, सिस्टर? पाळी बदलली का नाही अजून?"

"सर, ही किटं वापरलेली आहेत."

"वापरलेली नाही म्हणायचं. पुनर्प्रक्रिया केलेली."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"टंचाई आहे, सिस्टर. जगभर आहे. युद्धात शिपाई नवेच बूट पाहिजेत म्हणून अडून बसतो का? धुतलेलं आहे, निर्जंतुक आहे, निर्धास्त घाला."

"बरं," ताई म्हणाली. तिने चिमणीचे किट दोन्ही हातांनी धरले आणि ती चार पावले पुढे गेली. "मग आधी तुम्ही घाला."

"मी? मला कुठं आत जायचंय?"

"आत नका जाऊ. इथंच उभं राहा, दहा मिनिटं. मुलींना धीर येईल."

तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. लेकराला अंगडे घालावे तशी तिने बाही त्यांच्यापुढे उघडून धरली. वाळलेल्या डागाचे टोक त्यांच्या मनगटाजवळ आले. अधीक्षक असे मागे सरले की पाठ बेसिनवर आदळली. एक हात नाकावर गेला, दुसरा बाटलीवर. घशातून उमासा आल्याचा आवाज खोलीभर ऐकू गेला.

पोपट म्हणाली, "झालं. सरांवरच पुनर्प्रक्रिया झाली."

कुणाला हसू आले नाही. जो घास सरांच्या गळ्याखाली उतरत नव्हता, तो या मुलींना तीन आठवडे रोज भरवला होता. तो माणूस खोटे बोलला याची ताईला तितकी किळस वाटली नाही, जितकी त्याच्या हाताची वाटली. तो हात नाकावर किती पटकन गेला होता! म्हणजे सगळे कळत होते त्याला.

"स्टोअरमध्ये नव्या किटांचा निळा खोका आहे," ताई म्हणाली. "पाहुण्यांसाठी ठेवलेला."

"तो उद्याच्या पाहणी पथकासाठी आहे."

"उद्या पाहुण्यांना ही द्या. निर्जंतुक आहेत ना?"

काचेवर पुन्हा टकटक झाली, या वेळी तळहाताने. सव्वादोन. आतल्या एकीने भिंतीला पाठ टेकली होती. अधीक्षकांनी काचेकडे पाहिले, मुलींकडे पाहिले. सहाच्या सहा जणी अंगातून काढलेली किटे जमिनीवर टाकून साध्या कपड्यांत उभ्या होत्या. कुणीही आत जाणार नव्हते, आणि ते त्यांनाही दिसले.

"तुमच्या जबाबदारीवर," ते म्हणाले आणि स्टोअरवाल्याला फोन लावला.

"आजवरचंही माझ्याच जबाबदारीवर झालं, सर," ताई म्हणाली. "मीच वाटली ती."

निळ्या खोक्यातल्या किटांना कसलाच वास नव्हता. मुलींनी ती आधी हुंगली, शिवणी तपासल्या, उजेडात धरून पाहिली, आणि मग घातली. पाठीवर लिहायला कुणी मार्कर मागितला नाही. अडीचला दार उघडले. सहा जणी आत गेल्या.

किट काढायची खोली वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. ताई वळसा घालून तिथे गेली. दोन कामे होती तिला. पाणी द्यायचे होते आणि सांगायचे होते. वाटेत तिने आपल्याच ओठांवरून जीभ फिरवली आणि थबकली. रोज दोन फेऱ्यांना तीही याच पाकिटांतले घालून आत जात होती.

पहिली आली लांबडी. हातमोजा ओढला तसा त्यातून घाम ओघळून फरशीवर पडला. बोटे पाण्यात भिजत ठेवलेल्या वाटाण्यासारखी सुरकुतली होती.

"एवढा उशीर, ताई! मला वाटलं आम्हाला आतच विसरलात." तिने किट घोट्यापर्यंत उतरवले. "काय झालं होतं?"

"ती किटं नवी नव्हती गं."

"म्हणजे?"

"आपण टाकलेलीच धुऊन परत येत होती. तीन आठवडे. न कापलेली." ताईने शेवटचा शब्द गिळला नाही. "तू कापत होतीस ते बरोबर होतं. मी तुला अडवलं."

लांबडी पायांत गोळा झालेल्या पांढऱ्या कापडाकडे बघत राहिली. मग तिने ते लाथेने झिडकारले, बेसिन गाठले आणि ओकली. पोटात काहीच नव्हते, नुसते पिवळे पाणी आले. पुन्हा आले. ताई धावली. आजाऱ्याचे कपाळ धरायचे, हे हातांना सांगावे लागत नाही.

"हात नका लावू मला."

ताईचा हात तिथेच थांबला.

"तीन आठवडे घरी जाऊन मी बाळाला पाजतेय," लांबडी बेसिनमध्येच बघत म्हणाली. "सहा महिन्यांचंय ते. आंघोळ करून, केस धुऊन पाजतेय. सासूबाई म्हणतात, किती गं सोस तुला स्वच्छतेचा." तिने नळ सोडला, तोंडावर पाणी मारले, जीभ बाहेर काढून बोटांनी घासली आणि पुन्हा घासली. "मला उपदेश नको आणि माफीही नको. बाळाची तपासणी आज झाली पाहिजे. आज. तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या."

"घेते."

"आणि बाकीच्या पाच जणींना तुम्हीच सांगा. कागद लावून नाही, तोंडाने."

ताईने मान हलवली. ती फोनपाशी गेली आणि बाळाचे नाव तपासणीच्या यादीत सगळ्यांत वर घालायला सांगितले. पलीकडून कुणी तरी, आज नमुन्याच्या नळ्या संपल्यात, म्हणाले. ताई म्हणाली, "मग मी खाली येऊन उभी राहते, मिळेपर्यंत." आवाज तिचा चढला नव्हता, पण पलीकडच्या माणसाने नाव लिहून घेतले.

तेवढ्यात दार उघडले आणि दुसरी आली. नाकावर चष्म्याचा वळ, केस कपाळाला चिकटलेले. आल्या आल्या तिने मास्क ओढून काढला आणि भिंतीला टेकून हसली.

"ताई, आधी पाणी. मग काय ते बोला."

ताईने पेला तिच्या हातात दिला. ती घटाघटा प्यायली. पेला रिकामा होईपर्यंत ताई थांबली आणि मग बोलू लागली.